मालक बदलले, तिसरं प्रूफ बंद झालं. १९ वर्षांनी नव्याने कसं जुळवून घ्यायचं?

तिसरं_प्रूफ

नमस्कार मंडळी, एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय. पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर एका प्रकाशन संस्थेत मी १९ वर्षं काम करतेय, नाव सांगत नाही. लागले तेव्हा नुसती प्रूफं, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, तपासायचे, आता संपादन, लेखकांचे फोन, प्रेसवाल्याच्या मागे लागणं, सगळंच माझ्याकडे आहे. आमचे अण्णा, ज्यांनी ही संस्था उभी केली, ते गेल्या दिवाळीनंतर आजारी पडले आणि ऑफिसात यायचे बंद झाले. आता त्यांची मुलगी बघते. ती नऊ-दहा वर्षं बंगळूरला एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत होती, हुशार आहे, कष्टाळू आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता बदल ऐका. दर सोमवारी मीटिंग. प्रत्येक पुस्तकाची एक गूगल शीट, त्यात खर्च किती, किती महिन्यांत निघणार हे आधी लिहायचं आणि मगच पुस्तक स्वीकारायचं. अकराशेची आवृत्ती बंद, आधी तीनशेच छापायच्या. लेखकाने हस्तलिखित दिलं तरी ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच दिसेल अशा अक्षरांत, टाइप करून आणायची जबाबदारी त्याचीच. मुखपृष्ठ आधी मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघायचं की नाव वाचता येतं का. यातलं बरंचसं मला पटतं, अगदी मनापासून सांगते, मुखपृष्ठाचं तर फारच पटलं.

पण तिसरं प्रूफ बंद केलं. आमच्याकडे पद्धत अशी होती की दोन प्रूफं झाल्यावर तिसऱ्याला दोन माणसं समोरासमोर बसायची, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून बघत जायचं. दोनशे पानांना तीन दिवस लागतात आणि दोन माणसं अडकतात, शीटमध्ये ते फार महाग दिसतं, मान्य. पण गेल्या वर्षीचंच सांगते. एका बाईंचं आत्मकथन होतं, लहानपणी वडील गेले आणि मोठ्या भावाने शाळेत घातलं, त्या पानावर मूळ प्रतीत होतं 'दादाने मला तारलं'. टाइप करताना झालं 'दादाने मला मारलं'. पहिल्या प्रूफात सुटलं, दुसऱ्यात सुटलं, कारण वाक्य बरोबरच आहे ना, शब्द खरा आहे, व्याकरण बरोबर, कुठलं सॉफ्टवेअर त्याला लाल रेघ मारणार? तिसऱ्याला मी वाचत होते आणि समोरचा सहकारी म्हणाला, थांबा, इथे मारलंय. माझ्या हाताला घाम आला हो. त्या बाईंचे दादा हयात आहेत, पहिली प्रत त्यांच्याच हातात जाणार होती.

दुसरी गोष्ट अगदी घरगुती आहे, पण तीच जास्त टोचते. मी तिला शाळेचा युनिफॉर्म घालून गोडाउनमध्ये पार्सलांवर तिकिटं चिकटवताना पाहिलंय, डबा खाल्लाय आम्ही एकत्र. तिला कायम 'अगं' म्हणत आले. आता मीटिंगमध्ये चार नवी मुलं बसलेली असतात, ती तिला मॅडम म्हणतात. मी काय म्हणू? 'अगं' म्हटलं तर तिचा मान जातो असं वाटतं आणि 'अहो मॅडम' तोंडातून निघतच नाही, म्हणून मी तिला हाकच मारत नाही, समोर जाऊन उभी राहते आणि ती बघेपर्यंत थांबते.

कोणी अशा बदलातून गेलंय का? प्रूफासाठी भांडू की सोडून देऊ? आणि वयाच्या ५१व्या वर्षी हे सगळं नव्याने शिकताना मन कसं तयार केलंत?

---

खिळे_ते_ऑफसेट

ताई, मी छपाईतला माणूस, कोल्हापूरचा, वय ६४. तुमचं 'तारलं-मारलं' वाचून अंगावर काटा आला. 

आमच्या प्रेसमध्ये ट्रेडल, म्हणजे जुनं छपाईयंत्र, होतं आणि पाच कंपोझिटर, एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलून जुळवणी करणारे. नव्वदीच्या दशकात मालकांच्या मुलाने कॉम्प्युटर आणला, पानं जुळवायचं पेजमेकर सॉफ्टवेअर आणलं, खिळ्यांच्या केसा, म्हणजे कप्प्यांच्या पेट्या, भंगारात किलोवर गेल्या. शिसं होतं ना, चांगला भाव आला. पाचांपैकी दोघं लगेच सोडून गेले, दोघं बाइंडिंगला बसले, आणि एक होते त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते ४६ व्या वर्षी कळफलकावर बसले. बोटं खिळे उचलून कडक झालेली, पहिले दोन महिने दिवसाला चार पानं पण होत नव्हती आणि मुलगा वैतागायचा.

तात्यांनी काय केलं ते सांगतो. नव्या ऑपरेटर पोरांची पानं बाहेर जायच्या आधी ते एक नजर टाकायचे आणि लाल पेनने खुणा करून ते पान मालकाच्या मुलाच्या टेबलावर ठेवायचे, बोलायचे काही नाहीत. 'शुद्ध' च्या जागी 'शुध्द', 'प्रसिद्ध' च्या जागी 'प्रसिध्द', हे तर रोजचं, कारण खिळ्यात 'द्ध' हा अख्खा एक खिळा होता, चुकायला वावच नव्हता, आणि कळफलकावर द आधी की ध आधी हे पोरांना माहीत नव्हतं. लग्नपत्रिका, कारखान्याचे अहवाल, शाळांचे अंक, सगळ्यात. महिनाभरात तीसेक पानं जमली असतील टेबलावर. मग एका पतसंस्थेचा अहवाल छापून झाला आणि अध्यक्षांच्या नावातच चूक निघाली, सगळी पानं परत छापावी लागली, कागद आपल्या खिशातून. त्या दिवशी मुलाने ती लाल खुणांची पानं पुन्हा काढून पाहिली आणि सांगितलं की तात्यांनी बघितल्याशिवाय छपाईची प्लेट करायची नाही.

म्हणून म्हणतो, तिसरं प्रूफ हवं असं तोंडाने सांगू नका. त्यात काय काय सापडतं ते लिहून ठेवा. तारीख, पुस्तक, पान, काय होतं, काय केलं. मागच्या पुस्तकांची प्रूफं तुमच्याकडे असतीलच, त्यातूनच काढा. तिची भाषा शीटची आहे, मग शीटमध्येच द्या ना.

---

दुसरी_पिढी_नाशिक

मी समोरच्या बाजूला बसणारा आहे, त्यामुळे थोडं लांबेल, राग मानू नका.

बाबा गेले आणि २०२१ मध्ये मी नोकरी सोडून आमचं प्रकाशन हातात घेतलं. पहिल्याच आठवड्यात गोडाउन मोजलं, अडतीस हजार प्रती निघाल्या. काही पुस्तकं चौदा वर्षांपूर्वी अकराशे छापलेली आणि त्यातली सातशे तिथेच, खालच्या गठ्ठ्यांना वाळवी. बाबांचा हिशोब असा की अकराशे छापल्या तर प्रत स्वस्त पडते. पडते ना, पण विकली तर. कागदवाल्याचं बिल साठ दिवसांत द्यायचं, विक्रेत्याकडून पैसे यायला वर्ष लागतं आणि तेही उरलेल्या प्रती परत करून. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे हे लोकांना छान वाटतं, पण त्याची दुसरी बाजू अशी की कागदावर आणि बाकी खर्चावर आपण जो कर भरतो तो परत मिळत नाही, तो सगळा पुस्तकाच्या खर्चातच जिरतो. तेव्हा ती तीनशे छापते म्हणजे तिला पुस्तकांवर प्रेम नाही असं कृपा करून समजू नका. ती रात्री दोन वाजता आकडे बघत बसलेली असते, मी बसलेलो आहे.

आता मला काय हवं होतं ते सांगतो. बाबांनी एका ज्येष्ठ लेखकाला शब्द दिला होता की त्यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं बदलणार नाही, कारण चित्रं त्यांच्या दिवंगत भावाची होती. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, करारात नाही, पत्रात नाही. मी नव्या आवृत्तीला मोठ्या उत्साहाने नवं मुखपृष्ठ केलं आणि प्रत घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, टेबलावर ठेवलं आणि मला चहा विचारला. पुढच्या महिन्यात त्यांनी चारही पुस्तकं काढून घेतली. आमच्याकडे २२ वर्षं असलेल्या एका काकांना हे माहीत होतं. मी विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत साहेब. मला पुस्तकं गेल्याचं दुःख झालं, पण ते 'साहेब' त्याहून जास्त लागलं, ज्यांच्या सायकलवर मी बसून फिरलो त्यांनी मला साहेब म्हणावं!

ताई, अण्णांनी कुणाला काय शब्द दिलाय हे आज फक्त तुमच्या डोक्यात असेल. कुणाला मानधन रोखीत लागतं, कुणाला दिवाळीच्या आधी लागतं, कोणाच्या पुस्तकात शुद्धलेखनाला हात लावायचा नाही कारण ती बोली आहे. ते लिहून तिच्या हातात द्या, तिने मागायची वाट बघू नका, कारण तिला काय मागायचं हेच माहीत नाही.

---

स्वतंत्र_संपादक

वरचे दोघंही खूप प्रेमाने बोलले, पण मला एक वेगळी बाजू मांडायचीच आहे. सगळा समजूतदारपणा जुन्या माणसाने दाखवायचा हे मला मान्य नाही. मी पण असंच १६ वर्षांनी मालक बदलल्यावर दीड वर्ष जुळवून घेतलं, घरी येऊन कोणाशी बोलायचे नाही, झोप गेली, शेवटी सोडलं आणि आता घरून संपादन करते. उत्पन्न कमी-जास्त होतं, दिवाळी अंकांच्या दिवसांत, जून ते सप्टेंबर, श्वास घ्यायला वेळ नसतो आणि फेब्रुवारीत फोन वाजत नाही. पण पुस्तक कसं करायचं हे मी ठरवते.

जायचं असो की राहायचं, आधी आपले कागद नीट बघून घ्या. पीएफ भरला जातोय का आणि खात्यात नाव, जन्मतारीख बरोबर आहे का. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर ग्रॅच्युइटी हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. हिशोब सोपा, शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. १९ वर्षांचे म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांचे मूळ पगार होतात. प्रकाशनांत पुष्कळदा माणसंच दहाच्या खाली असतात, तेव्हा तुमच्याकडे हजेरीपटावर कधी किती होती तेही बघा, कारण एकदा कायदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी तो लागू राहतो. हे माहीत असलं की माणूस मीटिंगमध्ये वेगळ्या तऱ्हेने बसतो. नाइलाजाने राहणं आणि ठरवून राहणं यात फार फरक आहे हो.

---

खिळे_ते_ऑफसेट

हे बरोबर बोललात. आमच्या त्या दोघांना, जे लगेच सोडून गेले, त्यांना एक पैसा मिळाला नव्हता, कोणी सांगणारंच नव्हतं.

---

करारवाचक

एक कामाचा मुद्दा, कारण नव्या मालक बाई ऑनलाइनमधून आल्यात म्हणजे ई-बुक आणि ऑडिओ लवकरच निघणार. जुने करार काढा. पुष्कळ मराठी प्रकाशनांचे करार एका पानाचे असतात, काहींचे तर पत्रावरच, 'सदर पुस्तकाची आवृत्ती काढण्यास परवानगी देत आहे' एवढंच. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात आलेलं नव्हतं, त्याचे हक्क नुसतं 'सर्व हक्क' लिहिल्याने प्रकाशकाकडे जात नाहीत, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख लागतो. आणि हक्क दिलेत पण मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. आपली बरीच वाचक मंडळी आता अमेरिकेत नि दुबईत ऑडिओ ऐकतात, तेव्हा हे महत्त्वाचं आहे.

२०१२ च्या आधीच्या करारांबद्दल वाद होऊ शकतो, तिथे शहाणपण हेच की लेखकाला किंवा वारसांना भेटून नवीन कागद करायचा. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, त्यामुळे गाठ बहुतेकदा मुलांशी किंवा नातवंडांशी पडते. आणि इथे तुमचीच गरज लागणार, कारण कुठल्या लेखकाचा मुलगा ठाण्याला असतो, कोणाच्या सुनेशी बोलावं लागतं हे शीटमध्ये नसतं. ई-बुकला वेगळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागतो हेही लक्षात ठेवा, आपल्याकडे तो मोफत मिळतो, अर्ज मात्र वेळेवर करावा लागतो.

---

ग्रंथपाल_सातारा

मी तालुक्याच्या ग्रंथालयात आहे, प्रकाशनातली नाही, पण वाचकांच्या बाजूने दोन शब्द. प्रूफाच्या चुका आमच्याकडे परत येतात. एक निवृत्त शिक्षक पेन्सिलने समासात चुका लिहून पुस्तक परत करतात आणि मला सांगतात, या प्रकाशनाचं पुढचं घेऊ नका. आमचं पुस्तक खरेदीचं अनुदान तुटपुंजं, तेव्हा असं कोणी म्हटलं की खरंच हात आखडतो. हे तुमच्या मॅडमना सांगा, विक्रीचाच मुद्दा आहे हा.

आणि माणूस बदलल्यावर सगळं संपतंच असं नाही. 'साधना' साप्ताहिक बघा, साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलं, दोन वर्षांतच गुरुजी गेले. त्यानंतर किती संपादक झाले, यदुनाथ थत्ते, वसंत बापट, ग. प्र. प्रधान, मग १९९८ पासून नरेंद्र दाभोलकर, आणि २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावरही अंक थांबला नाही. आमच्या कपाटात जुने अंक आहेत, प्रत्येकाच्या काळात चेहरा बदललेला दिसतो, मांडणी बदलते, विषय बदलतात, पण चाळताना कळतं की अंक तोच आहे. मला ते अंक एकावर एक लावताना नेहमी बरं वाटतं.

---

तिसरं_प्रूफ

सगळ्यांचे खूप खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण सांगण्यासारखं काहीतरी व्हावं असं वाटत होतं.

आधी नाशिकच्या दादांचं केलं. घरी बसून चार रात्री वही भरली, ४३ लेखकांची नावं झाली. कोणाला काय शब्द दिलाय, कोणाचे वारस कोण, कोणाला फोन सकाळी केलेला चालत नाही. लिहिताना मलाच कळेना की मी हे सगळं कधीपासून सांभाळत होते. त्यातल्या सहा ठिकाणी मलाही खात्री नव्हती, म्हणून अण्णांकडे घरी गेले. त्यांना बोलायला त्रास होतो, पण नाव वाचलं की मान हलवून हो-नाही सांगत होते, आणि एका नावाला हसले. ती शेजारीच बसली होती, सगळं बघत होती.

मग कोल्हापूरच्या काकांचं. मागच्या सात पुस्तकांची तिसरी प्रूफं माळ्यावरून काढली आणि मोजली. अर्थ बदलणाऱ्या चुका वेगळ्या, बाकीच्या वेगळ्या. एक गोष्ट मला स्वतःला नवीन कळली ती प्रामाणिकपणे सांगते, स्वयंपाकाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तिसऱ्या प्रूफात फारसं काही सापडलेलंच नव्हतं, तिथे आम्ही उगाच तीन दिवस घालवत होतो. पण आत्मकथन, कविता आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदललेल्या पुस्तकांत पानोपानी होतं. त्या बदलात रफार उडतो ना, 'अर्थ' चा 'अथ' होतो, 'सूर्य' चा 'सूय'. कवितेत एक रफार गेला की ओळच गेली. तेव्हा मी सोमवारी सगळ्या पुस्तकांना तिसरं प्रूफ मागितलंच नाही, या तीन प्रकारांनाच मागितलं. तिने शीट उघडून बराच वेळ पाहिलं, दोन-तीन प्रश्न विचारले, मग म्हणाली तीन महिने करून बघू, चुकांची नोंद चालू ठेवायची. पुढची पानं मूळ प्रत घेऊन कोण वाचणार हा प्रश्न आला कारण दुसरा सहकारी रजेवर आहे, तर म्हणाली मी बसते.

काल बसलो. पहिला फर्मा, सोळा पानं. तिला वाचायची सवय नाही, स्वल्पविराम म्हणायला विसरत होती, मी बोट थांबवलं की परत मागे जायची. नवव्या पानावर एक अनुस्वार सुटलेला दिसला आणि माझ्या तोंडून निघालं, 'अगं थांब, थांब जरा.' बाहेर ती चार मुलं बसलेली, दार उघडं. ती थांबली, म्हणाली, 'कुठे, मावशी?' मी बोट दाखवलं, तिने लाल पेन माझ्याकडे सरकवला आणि पुढची ओळ वाचायला लागली.

करारवाचक, तुमच्या सांगण्यावरून कपाट उघडलं, २००४ चा एक करार सापडलाय, त्यात 'ध्वनिफीत' असा शब्द आहे. यात आताचं मोबाइलवरचं ऑडिओबुक येतं का हो? लेखक हयात नाहीत, मुलगी डोंबिवलीला असते, रविवारी फोन करणार आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.